लेकीला 'दक्षिण आशिया' मायनर घ्यायचंय. फी भरून आपलंच आपण शिकायचं?

द्राक्षबाग | १७ ऑक्टोबर २०२१

नमस्कार मंडळी. एरवी मी इथला निव्वळ वाचक. पाककृतीच्या धाग्यावर '+१' टाकायचं आणि सटकायचं. आज घरात वाजलंय म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही कोलंबसला, ओहायोत. एकवीस वर्षं झाली. मूळ गाव निफाड तालुक्यात. मुलगी एका लहान कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर, म्हणजे मुख्य विषय, संख्याशास्त्र. इथवर सगळं छान. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, मी साउथ एशियन स्टडीजचं मायनर घेतेय." मला वाटलं चेष्टा करतेय. जी पोरगी दर रविवारी मराठी शाळेला जाताना गाडीत तोंड फुगवून बसायची, जी अजून आजीला फोनवर "तू कसा आहेस" विचारते, तिला एकदम दक्षिण आशियाचं भरतं आलं!

मायनर म्हणजे मेजरच्या जोडीचा दुय्यम विषय, सहा कोर्सांचा. ते किमान तीन वेगळ्या विभागांतले हवेत. इतिहासातला एक, धर्मातला एक, अर्थशास्त्र, साहित्य, पर्यावरण असं वेचत जायचं. सहातले दोन त्या भागातल्या भाषेचे (तिच्या कॉलेजात फक्त हिंदी-उर्दू आहे) आणि शेवटी एक मोठा पेपर. वाचनयादी मागवून पाहिली, तर पहिल्याच कोर्सात मलिक अंबर. अहो, मलिक अंबरासाठी डॉलर कशाला? त्याची कबर खुलताबादला आहे. शाळेच्या सहलीला लाल डब्यातून जाऊन तिथे बसून दशम्या खाल्ल्यात आम्ही.

माझं म्हणणं एवढंच, की तेवढ्याच कष्टात कॉम्प्युटर सायन्सचं मायनर होतं. बायको म्हणते, घेऊ दे. ज्यांनी किंवा ज्यांच्या मुलांनी असं एखाद्या प्रदेशाचं मायनर केलंय त्यांनी सांगा. त्यात नक्की शिकवतात काय? आणि पुढे उपयोग काय?

---

पेठेतला | १७ ऑक्टोबर २०२१

फी भरून आपलंच शिकायची पद्धत पुण्यात जुनी आहे. त्याला आम्ही संस्कारवर्ग म्हणतो. हलके घ्या.

---

सदाफुली | १७ ऑक्टोबर २०२१

मी केलंय. लॅटिन अमेरिका. मेजर सार्वजनिक आरोग्य होतं. घरच्यांनी तेव्हा "स्पॅनिशचा क्लास लाव, मायनर कशाला" असंच ऐकवलं होतं.

फरक सांगते. कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या दवाखान्यात पहिली नोकरी लागली. तिथे मेक्सिकोतून आलेले पेशंट, म्हणून दवाखान्याने स्पॅनिश दुभाषे ठेवलेले. तरी काही बायका नुसत्या माना डोलवायच्या आणि औषध भलतंच घ्यायच्या. मी मानववंशशास्त्राच्या कोर्सात मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांताबद्दल वाचलं होतं म्हणून एकीला विचारलं, घरी काय बोलता? ती म्हणाली, मिश्टेक. ही तिकडची मूळ आदिवासी भाषा. स्पॅनिश तिला जेमतेम यायचं, आपल्याकडे मेळघाटातल्या कोरकू बाईला मराठी यावं तितकंच. स्पॅनिशचा क्लास मी शंभर लावले असते तरी हा प्रश्न विचारायचं मला सुचलं नसतं.

पगार याने वाढला का? नाही. ते आधीच सांगते म्हणजे तुमचा अपेक्षाभंग नको.

---

कडीपत्ता | १८ ऑक्टोबर २०२१

कोणीतरी हे सांगायलाच हवं म्हणून सांगतो. ही 'प्रदेश अभ्यास' भानगड मुळात युद्धाची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला अचानक कळलं की जिथे सैनिक पाठवायचेत तिथल्या भाषा कोणालाच येत नाहीत. मग सैन्याने विद्यापीठांत भाषावर्ग काढले. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि १९५८ मध्ये अमेरिकेने कायदा केला. त्याच्या नावातच 'राष्ट्रीय संरक्षण शिक्षण' आहे. त्यातल्या सहाव्या भागाखाली विद्यापीठांना भाषा आणि प्रदेश-केंद्रांसाठी सरकारी पैसा मिळू लागला. जगाचे तुकडे पाडले: लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व, सोव्हिएत, दक्षिण आशिया, आग्नेय आशिया. ज्याच्यावर नजर ठेवायची तो प्रदेश.

आणि हा 'दक्षिण आशिया' शब्द बघा. आपल्यापैकी कोणी कधी "मी दक्षिण आशियाई" असं आपणहून म्हटलंय? सार्क निघालं १९८५ ला, ढाक्याला. अमेरिकन विद्यापीठात या नावाचा विभाग त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन ब्राऊन यांनी १९४८ लाच काढला. आपल्याला आपण प्रदेश आहोत हे कळायच्या आधी त्यांना कळलं होतं.

---

तिरफळ | १८ ऑक्टोबर २०२१

कडीपत्ता, तुमचा इतिहास बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलात. मी मिडवेस्टात एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून उरलेला अर्धा मी सांगते.

इथे मराठी शब्दाच्या अर्थावरून वाद झाला की लोक मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडतात. मागच्याच आठवड्यात 'उसळ' आणि 'आमटी' धाग्यावर दोन्ही पार्ट्यांनी उघडला होता. तो ऑनलाइन मोल्सवर्थ कुठल्या सर्व्हरवर आहे? शिकागो विद्यापीठाच्या. १८५७ ची दुसरी आवृत्ती. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथेच. हे सगळं त्या 'नजर ठेवायच्या' अभ्यासातून उभं राहिलंय. फेल्डहाउसबाईंनी महानुभावांवर काम केलं. लीळाचरित्रातून कोणाला कसलं लष्करी गुपित मिळणार होतं?

मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजचं उदाहरण घ्या. तिथे एलिनॉर झेलियट वर्षानुवर्षं शिकवायच्या. आंबेडकरी चळवळीवरचा त्यांचा प्रबंध १९६९ चा, पेनसिल्व्हेनियाचाच. आपल्या विद्यापीठांत तेव्हा या विषयावर कितीसं काम चाललं होतं? गेल ऑम्व्हेट याच कार्लटनच्या विद्यार्थिनी. मिनियापोलिसची मुलगी भारतात आली, बर्कलेला ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. केली आणि शेवटी सांगली जिल्ह्यात कासेगावची होऊन राहिली. याच ऑगस्टमध्ये तिथेच वारल्या. सरकारने पैसा कशासाठी दिला हे एक आणि त्या पैशातून माणूस कुठे पोचला हे दुसरं. दोन्ही खरं आहे.

आणि ही पुस्तकं अमेरिकेत आली कशी ते ऐका. पीएल ४८०, म्हणजे ज्याखाली अमेरिकेचा गहू भारतात यायचा तो त्यांचा कायदा, आठवतो का कोणाला?

---

जुना_पाटा | १८ ऑक्टोबर २०२१

आठवतो का म्हणजे काय! तो खाऊनच वाढलोय. रेशनवरचा तांबडा गहू. पोळी लाटावी तर रबर, सकाळची दुपारी खावी तर पुठ्ठा. आई त्यात ज्वारीचं पीठ मिसळायची. (लोक त्यात मिलो ज्वारीही घुसडतात. मिलो नंतरचा, बहात्तरच्या दुष्काळातला. तो वेगळा.)

त्या गव्हाबरोबर काँग्रेस गवत आलं असंही म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण हे गवत पहिल्यांदा डोळ्यात भरलं ते पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमाराला. अजून माझ्या कंपाउंडबाहेर उभं आहे. पण गव्हाचा आणि पुस्तकांचा काय संबंध?

---

तिरफळ | १८ ऑक्टोबर २०२१

तोच तर संबंध. त्या गव्हाचे पैसे भारताने डॉलरमध्ये नाही, रुपयांत दिले. ते रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच साठत गेले, बाहेर नेता येईनात. मग त्यातल्या थोड्या रुपयांतून भारतातली पुस्तकं घ्यायची असं ठरलं. १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचं कार्यालय दिल्लीत सुरू झालं. तिथून मराठी, तमिळ, बंगाली, उर्दू, जे छापलं जाईल त्यातून निवडून प्रती घेतल्या जायच्या आणि ठरलेल्या विद्यापीठांना जहाजाने जायच्या. कादंबऱ्या, दलित कविता, सहकारी साखर कारखान्यांची स्मरणिका, पंचांगंसुद्धा. आमच्याकडच्या जुन्या कॅटलॉगच्या नोंदीत 'पीएल ४८०' असं लिहिलेलं असतं. महाराष्ट्रात जिल्हा ग्रंथालयात वाळवीने खाल्लेलं पुस्तक इथे तापमान सांभाळलेल्या खोलीत बसलेलं पाहिलं की आनंद आणि राग एकदमच येतो.

तर तुम्ही खाल्लेल्या त्या पुठ्ठा पोळीच्या पैशातून इथे मराठी पुस्तकं आली, असं समजा.

---

जुना_पाटा | १८ ऑक्टोबर २०२१

हे साठ वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग ते गवतही परत घेऊन जा म्हणावं.

---

पेठेतला | १८ ऑक्टोबर २०२१

बायकांना ठराव मांडू द्यावेत. अनुमोदन.

---

द्राक्षबाग | ३ नोव्हेंबर २०२१

सगळ्यांचे आभार. धागा भलतीकडे गेला, पण छान गेला. वहिनींचा ठराव घरात वाचून दाखवला.

मुलगी गेल्या आठवड्यात दोन दिवस घरी आली होती. मी हत्यारं घासून बसलो होतो, वापरायची वेळच आली नाही. वर्गात झालेली एक गोष्ट तिने सांगितली, तीच इथे लिहितो.

बाईंनी सगळ्यांना कोरा कागद दिला. दक्षिण आशियाचा नकाशा काढा, आणि सीमा तुम्हाला वाटेल तिथे आखा. वर्गात चौदा जण. आमच्या कन्येने काय काढलं असेल? भारत. भलामोठा. श्रीलंका खाली थेंबासारखी, पाकिस्तान कडेला चिकटवलेला, बांगलादेश विसरली! शेजारी चितगावच्या आईबापांची मुलगी बसलेली. तिने कलकत्त्यापासून सुरुवात केली आणि ब्रह्मदेश आत घेतला, कारण तिचा पणजोबा रंगूनला दुकानदार होता. लाहोरच्या मुलाने काबूल आत घेतलं, चेन्नईच्या मुलीने सिंगापूरपर्यंत बाण काढला. आणि एक मुलगी आमच्याच कोलंबसची निघाली, भूतानी नेपाळी. आमच्या शहरात ही मंडळी हजारोंनी आहेत. नव्वदच्या दशकात भूतानमधून हाकलली गेलेली, पूर्व नेपाळातल्या छावण्यांत पंधरा-वीस वर्षं काढून इकडे आलेली. तिने आधी छावण्यांचा झापा जिल्हा काढला, मग त्याच्याभोवती जमेल तसा नेपाळ. भूतानची फक्त बाहेरची रेघ मारली.

मी त्यांच्या दुकानातून मोमो आणतो दर शुक्रवारी. कधी विचारलं नाही की तुम्ही भूतानचे की नेपाळचे.

मलिक अंबराबद्दलही बोलली. आम्हाला शाळेत तो भेटला तो थेट वजीर म्हणूनच. गनिमी कावा, जमिनीची मोजणी, खडकी वसवली, पाच मार्कांची टीप. ती मात्र सांगत होती तो इथिओपियात जन्मला कसा, गुलाम म्हणून विकला जात बगदादहून दख्खनमध्ये आला कसा. वर्गात तो तांबड्या समुद्रापासून सुरू होतो. खुलताबाद शेवटच्या पानावर.

मायनर घेऊ दिलंय. म्हणजे तिने आधीच घेतलं होतं असं कळलं.

---

कडीपत्ता | ३ नोव्हेंबर २०२१

नकाशाचा प्रकार आवडला. माझा मुद्दा सोडत नाही, पण आवडला.

---

सदाफुली | ४ नोव्हेंबर २०२१

भाषा मात्र सोडू देऊ नका. या मायनरमध्ये मुलं हमखास गळतात ती तिथेच. बाकीचे कोर्स इंग्रजीतून निभावतात, मग भाषेची अट कशीतरी उरकायची. तिला मराठी येते ना? निदान वाचायला लावा.

---

द्राक्षबाग | ४ नोव्हेंबर २०२१

येते म्हणजे, "पोळी वाढ", "ओरडू नको" आणि गणपतीच्या दोन आरत्या.

---

द्राक्षबाग | १४ एप्रिल २०२४

अडीच वर्षांनी धागा वर काढतोय. रागावू नका, कारण आहे.

कन्येचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. मायनरच्या मोठ्या पेपरचा विषय: कांदा. मी ऐकल्यावर अर्धा तास हसलो. निफाड तालुक्यातून पळून ओहायोला आलो, तर कांदा दारात!

तिची कल्पना अशी. लासलगावचा रोजचा भाव आणि ढाक्यातला किरकोळ भाव, दोन्ही एका आलेखावर. भारताने निर्यात जेव्हा जेव्हा बंद केली त्या तारखांना उभ्या रेघा: २९ सप्टेंबर २०१९, १४ सप्टेंबर २०२०, ८ डिसेंबर २०२३. २०१९ ला तर शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला सांगितलंय, आता कांदा घालू नकोस. नाशिकचा ट्रक बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलच्या नाक्यावर अडतो आणि ढाक्यात सरकारला घाम फुटतो. यात अर्थशास्त्र आहे, १९४७ ची सीमा आहे, पाऊस आहे, निवडणूक आहे. मायनरमध्ये जे जे शिकली ते सगळं एका पाटीत.

अपेक्षा अशी, की बंदी आली की इथला भाव पडावा आणि तिकडचा चढावा. २०२० आणि २०२३ चं बरंचसं जुळत होतं. २०१९ काही केल्या जुळेना. बंदी घातली तरी लासलगावचा भाव चढतच गेला, पार डिसेंबरपर्यंत. तिने सगळे संख्याशास्त्रीय उपाय करून पाहिले. बाईंना विचारलं, त्यांचा विषय साहित्य. शेवटी मला फोन. मी इंजिनियर माणूस, मी म्हटलं मामाआजोबांना विचार. माझे मामा, वय ७४, अजून कांदा करतात.

मग व्हिडिओ कॉल. मी मध्ये दुभाषा. तिने पडद्यावर आकड्यांचा तक्ता दाखवला, बाजार समितीच्या भावांचा, मराठीतला. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पहिल्या मिनिटात विचारलं:

"हिने लाल आणि उन्हाळी एकत्र का केलाय?"

तक्त्यात एक रकाना होता, 'जात/प्रत'. त्यात कुठे 'लाल', कुठे 'उन्हाळी', कुठे 'पोळ', कुठे 'लोकल'. कन्येला वाटलं, लाल म्हणजे रंग आणि उन्हाळी म्हणजे ऋतू. दोन्ही सारख्याच कांद्याचं वर्णन, म्हणून तिने सरसकट सरासरी काढली. मामा म्हणाले, "अगं बाई, लाल हा काय नुसता रंग आहे का? ते पीकच वेगळं." मग तासभर शिकवणी. उळं, म्हणजे कांद्याचं बी, कधी टाकायचं, रोप कधी लावायचं. लाल दिवाळीच्या पुढेमागे येतो, पाणीदार असतो, टिकत नाही, काढला की विकायचा. उन्हाळी मार्च-एप्रिलला निघतो, साठवणीच्या चाळीत पडतो, आणि पुढचा लाल येईपर्यंत देश त्याच्यावरच जेवतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर हा सगळ्यात नाजूक काळ. चाळीतला संपत आलेला, शेतातला आलेला नाही.

"आणि एकोणीसला?" तिने विचारलं. हे तिने मराठीत विचारलं, माझ्या मदतीशिवाय.

"एकोणीसला दिवाळीत पाऊस थांबलाच नाही. लाल शेतातच सडला. विकायला काही नव्हतंच, तर दिल्लीने बंदी घालून काय होणार? नसलेला कांदा अडवला त्यांनी."

तिने दोन्ही जाती वेगळ्या काढून पुन्हा आलेख केला. मामांनी सांगितलेला सडका हंगाम तिथे दिसतोय. लालची आवक ज्या आठवड्यांत भरभरून यायला हवी, तिथे खड्डा.

तिने हिंदी-उर्दूचे चार सेमिस्टर केलेत, अटीपेक्षा दोन जास्त. उर्दू अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे तिचं (मला येतच नाही). पण 'उळं' शब्दाला ते कामाला आलं नाही. आता फोनवर शब्दांची वही ठेवलीय: गोल्टी, खाद, डेंगळे, तोलाई, चाळ. 'गोल्टी' म्हणजे बारका कांदा हे कळल्यापासून धाकट्या भावाला गोल्टी म्हणते.

---

तिरफळ | १४ एप्रिल २०२४

वाचून अंगावर काटा आला. तिला म्हणावं 'उळे' मोल्सवर्थमध्ये शोध. आणि जुन्या पुस्तकांपैकी काही हवं असेल तर कॉलेजच्या ग्रंथालयाकडून आंतरग्रंथालय मागणी टाकायला सांग. नाशिक जिल्ह्याच्या शेतीवरचं काय काय आमच्याकडे धूळ खात, म्हणजे धूळही न खाता, पडून आहे.

---

तालुक्याचा_मास्तर | १५ एप्रिल २०२४

धागा आज पहिल्यांदा वाचला. मी एका तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता आमच्याकडेही मेजर आणि मायनर आलंय. स्वायत्त कॉलेजांत गेल्या वर्षीपासून, आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत येत्या जूनपासून. कागदावर फार सुंदर आहे. वाणिज्यच्या पोराने इतिहास घ्यावा, विज्ञानाच्या पोरीने संगीत.

प्रत्यक्षात मायनर कशावर ठरतं सांगू? कोणत्या मास्तराचा वर्कलोड कमी पडतोय त्यावर. मी मीटिंगमध्ये म्हटलं, आपण 'हिंदी महासागर' असा विषय करू. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, मराठी, चार विभाग मिळून. रत्नागिरीचे लोक मॉरिशसला गेले, तिथे आजही मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. बेने इस्रायली कोकणातून इस्रायलला गेले. अलिबागच्या, चौलच्या पोरांना हे आपलं वाटेल. सगळ्यांना आवडलं. मग टाइमटेबलवाल्या सरांनी विचारलं, "याचा तास कुणाच्या नावावर टाकायचा?" चार विभाग, एक तास. विषय तिथेच मेला.

अमेरिकेत हा तास कुणाच्या नावावर टाकतात, हे खरंच जाणून घ्यायचंय.

---

सदाफुली | १५ एप्रिल २०२४

मास्तर, इथेही भांडणं असतातच. फक्त एकच कोर्स दोन विभागांच्या यादीत लावता येतो. इतिहासाच्या मुलाला तो इतिहासाचा, मायनरवाल्याला प्रदेशाचा. शिकवणारा एकच, पगार त्याच्या मूळ विभागातूनच. मायनरला बऱ्याचदा स्वतःचे प्राध्यापक नसतातच. एक समन्वयक, एक यादी आणि वर्षातून एकदा समोसे.

---

तालुक्याचा_मास्तर | १५ एप्रिल २०२४

म्हणजे तास इतिहासाच्याच नावावर, पण यादी दोन. हे आमच्या सरांना पटू शकतं. समोसे मी घालतो.

---

कडीपत्ता | १६ एप्रिल २०२४

मास्तर, हिंदी महासागर कराच. त्या नकाशाला निदान कोणत्या सैन्याने आखलेलं नाही. (असं म्हणता म्हणता मोसमी वाऱ्यांवर आरमारं आठवली. जाऊ दे.)

---

पेठेतला | १६ एप्रिल २०२४

कडीपत्ता माघार घेताना पाहिला. धागा सार्थकी लागला.

---

द्राक्षबाग | ५ मे २०२४

शेवटचं अपडेट. पेपर गेला. सादरीकरणाला आम्ही दोघं गेलो होतो. ती भूतानी नेपाळी मुलगीही होती, तिचा पेपर छावणीतल्या शाळांवर. तिची आई आणि माझी बायको शेजारी बसल्या आणि पूर्ण वेळ हिंदीतून लोणच्यावर बोलल्या.

प्रश्नोत्तरांत एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारलं, ही दोन पिकांची विभागणी कोणत्या संशोधनावर आधारली? ती म्हणाली, "माय ग्रँडफादर्स कझिन"... मग थांबली, चुकलं म्हणाली, आणि मामाआजोबा हा शब्द फळ्यावर देवनागरीत लिहिला. 'मा' आणि 'आ' च्या मध्ये काय येतं यात जरा गोंधळली.

काल, ४ मेला, निर्यातबंदी उठली. मामांनी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः व्हॉइस मेसेज केला, मला वगळून: "पोरी, उघडली एकदाची. पण पेपरात लिहिलंय किमान साडेपाचशे डॉलर टन, आणि वर चाळीस टक्के शुल्क. हे किलोला किती पडतं ते काढून पाठव."

तिने काढलं. किलोला सेहेचाळीस रुपये, शुल्क धरून चौसष्टच्या आसपास. मराठीत टाइप करून पाठवलं, दोन चुकांसह.

पाच मिनिटांत उलटा मेसेज: "मग आम्हाला सतरा का देतात?"

आज सकाळपासून लॅपटॉप उघडून बसलीय. पदवीदान पुढच्या शनिवारी आहे, गाऊनला इस्त्री अजून व्हायचीय.